किसुमूहून आठ दिवसांची समुद्रसुट्टी: डियानी, वाटामू की झंझिबार?

तळ्याकाठी

आम्ही दोघीजणी पश्चिम केनियातल्या किसुमूजवळच्या एका संस्थेत वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी आहोत. 2027 च्या फेब्रुवारीत 11 ते 18 अशी सलग रजा मिळते आहे. समुद्र हवाच, बाकी अटी फार नाहीत. जाणकारांनी एवढं सांगावं:

1. आठ दिवसांत केनियाचाच किनारा (डियानी किंवा वाटामू) करावा की टांझानियातलं झंझिबार बेट जमेल?
2. नैरोबी–मोम्बासा रेल्वेची कोणती गाडी बरी?
3. पोहायला पाणी कधी असतं? ओहोटीला समुद्र फार आत जातो असं ऐकलं आहे.
4. स्नॉर्केलिंग नक्की करायचं आहे, जमलं तर एकदा डायव्हिंगही. पोहता येतं, पण डायव्हिंगचा अनुभव शून्य.
5. एक जण शुद्ध शाकाहारी.
6. माझं क्लास आय (धर्मादाय कामाचं) परमिट पासपोर्टवर लागलं आहे आणि परदेशी नागरिकाचं कार्डही हातात आहे. मैत्रिणीचं परमिट अजून प्रक्रियेत आहे, सध्या ती स्पेशल पासवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर आहे.

बजेट बेताचं. खोलीत पंखा असला तरी चालेल.

रुळावरचा

आधी दिवस मोजा, मग ठिकाण ठरवा. किसुमू ते नैरोबी बसने सात-आठ तास, म्हणजे 11 तारीख त्यातच जाते. 12 ला रेल्वेने मोम्बासा, संध्याकाळपर्यंत डियानी. परतीलाही 17 आणि 18 असेच जाणार. हाती राहतात 13, 14, 15 आणि 16. या चार दिवसांत दोन ठिकाणं करायला निघालात तर चारातला एक दिवस पुन्हा गाडीत जाईल. एकच जागा धरा, आणि ती डियानी. वाटामूही सुंदर आहे, पण मोम्बासाच्या उत्तरेला आणखी दोन-अडीच तास. तिकडे वेगळी रजा काढून जा.

रेल्वेबद्दल. नैरोबीचं टर्मिनस शहरात नाही, स्योकिमाऊला आहे. मोम्बासाचंही शहराबाहेर, मिरितिनीला. दिवसात तीन गाड्या: सकाळी 8 ची थांबत थांबत जाते, दुपारी 3 ची आणि रात्री 10 ची थेट. रात्रीच्या गाडीने खोलीचं भाडं वाचेल असं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. ती पहाटे चारच्या आसपास मिरितिनीला उतरवते. त्या वेळी मटाटू (शेअर मिनीबस) नाहीत, टॅक्सीवाला मागेल ते द्यावं लागतं आणि हॉटेलात खोली दुपारशिवाय मिळत नाही. दुपारची गाडी अंधार पडल्यावर पोचवते. तुमच्यासाठी सकाळी 8 चीच. दुपारी दोनच्या सुमारास पोचते, पुढचा सगळा प्रवास उजेडात होतो, आणि त्सावो राष्ट्रीय उद्यानातून जाताना खिडकीतून हत्ती दिसण्याची शक्यता असते. आदल्या रात्री मुक्काम नैरोबीच्या मध्यात करू नका. स्योकिमाऊ किंवा म्लोलोंगोकडे करा, सकाळच्या वाहतुकीत गाडी चुकण्याची भीती राहत नाही.

तिकीट केनिया रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवरून स्टार 639 हॅश दाबून काढता येतं. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून. 2024 च्या जानेवारीपासून नैरोबी ते मोम्बासा पूर्ण प्रवासाचं भाडं इकॉनॉमीला 1,500 शिलिंग आणि फर्स्टला 4,500. सहा तासांसाठी तिप्पट पैसे मोजण्यासारखा फरक नाही. इकॉनॉमीत समोरासमोरची बाकं असतात आणि गुडघे एकमेकांना लागतात, गैरसोय काय ती एवढीच. तिकिटावर पासपोर्ट क्रमांक घालता तोच पासपोर्ट सोबत हवा. स्टेशनवरच्या यंत्रातून छापील तिकीट काढून घ्यायचं असतं. प्रवेशाआधी सगळं सामान ओळीने जमिनीवर ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात, मग स्कॅनर, मग पुन्हा एकदा स्कॅनर. निदान तासभर आधी पोचा. फळं कापायची सुरी सामानात असली तर तिथेच राहील. दारूही चालत नाही.

14 फेब्रुवारी रविवारी येतो आहे. व्हॅलेंटाइनला नैरोबीची बरीच मंडळी किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा खोली आणि 12 चं तिकीट दोन्ही लवकर पक्कं करा.

मिरितिनीहून डियानीला दोन वाटा. डोंगो कुंडू बायपासने गाडी शहरात न शिरता थेट दक्षिण किनाऱ्याला निघते. दोघींत टॅक्सी करायची तर चालकाला आधीच सांगा की बायपासनेच जायचं, आणि भाडं बसण्यापूर्वी ठरवा. स्वस्तातली वाट म्हणजे मटाटूने शहरात, लिकोनीच्या फेरीबोटीने पलीकडे, तिथून डियानीलगतच्या उकुंडा गावाचा मटाटू आणि उकुंडाहून टुकटुक (तीनचाकी रिक्षा). पायी जाणाऱ्यांना फेरी फुकट आहे. गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घ्या, फोन खिशात. फेरीवर फोटो काढू नका, सुरक्षारक्षक हटकतात.

वेळेचा एक घोळ मात्र लक्षात ठेवा. किनाऱ्यावर वेळ स्वाहिली पद्धतीने सांगतात, मोजणी सूर्योदयापासून सुरू होते. ‘साआ म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण घड्याळात सकाळचे आठ. होडीवाला दोन म्हणाला तर सहा तास मिळवा, किंवा सरळ घड्याळ दाखवून बोट ठेवायला सांगा.

उधाण_भांग

तिसऱ्या प्रश्नाला जरा सविस्तर लिहितो. सुट्टी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हॉटेल नसतं, भरतीची वेळ असते.

या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडतो. किनाऱ्याला समांतर प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ पाणी. ओहोटीला हे पाणी गुडघ्याएवढं किंवा त्याहून कमी उरतं, खाली शेवाळ, प्रवाळाचे तुकडे आणि सी अर्चिन (काटेरी समुद्रजीव). पोहणं अशक्य. उलट उधाणाच्या पूर्ण भरतीला डियानीचा वाळूचा पट्टा काही ठिकाणी हॉटेलांच्या भिंतीपर्यंत बुडतो. लांब फिरायला गेलेल्यांना परत येताना वाळूच उरत नाही आणि भिंतीलगत पाण्यातून चालावं लागतं. म्हणून फिरायला जायचं ते पाणी उतरत असताना.

आता वेळेचं गणित. कोकणातल्या खलाशांचा हिशोब अनेकांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. मोम्बासा-झंझिबारकडे हाच हिशोब चालतो, फक्त त्यात चार तास मिळवायचे. अष्टमीला भरती दहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वातीन ते चारला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. तिथे उधाण असलं की समुद्र ऐन सकाळी आत जातो, नेमका पर्यटक नाश्ता करून बाहेर पडतो तेव्हा. ‘समुद्रच नव्हता’ ही तक्रार बहुतेक तिथूनच येते. हिशोब ढोबळ आहे, तासाभराची चूक धरा, आणि तिथे पोचल्यावर मोम्बासाच्या किलिंदिनी बंदराचा भरतीचा तक्ता फोनवर उतरवून घ्या.

तुमच्या तारखा बघितल्या. 6 फेब्रुवारीला अमावास्या, 20 ला पौर्णिमा. तुम्ही पाण्यात असाल तेव्हा सप्तमी ते दशमी, म्हणजे भांगाचे दिवस. भरती 13 ला सव्वानवाच्या सुमारास, 14 ला दहा, 15 ला पावणेअकरा, 16 ला साडेअकरा. भांगात पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, प्रवाहही सौम्य. दिवसाचे तीन-चार तास निवांत पोहता येईल. नवख्यांना याहून बरा आठवडा क्वचितच मिळतो. तारखा बदलायची संधी आली तरी बदलू नका.

वारा. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडचा, त्याला तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. फेब्रुवारीत पाऊस नगण्य, पाणी 28–29 अंश आणि बऱ्यापैकी नितळ. दुपारनंतर वारा वाढतो आणि पतंगावर घसरणारी मंडळी (काइटसर्फर) पाण्यात उतरतात. त्यांच्या दोऱ्या अंगावर येऊ नयेत म्हणून पोहणं सकाळीच उरका. दुसरा वारा ‘कुसी’, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, दक्षिणेकडून. त्या काळात समुद्र जास्त खवळलेला आणि पाणी गढूळ.

स्नॉर्केलिंगला डियानीसमोर वेळ घालवू नका, शिमोनीहून किसिते-म्पुंगुती सागरी उद्यानात जा. डियानीहून पहाटे गाडी, शिमोनीहून होडी, दोन वेळा पाण्यात उतरायचं, वासिनी बेटावर जेवण. दिवसभराची सहल असते. विचारून घ्या:

– उद्यानाचं शुल्क धरून किंमत आहे की वेगळं? शुल्क ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावरूनच भरावं लागतं, रोख घेत नाहीत.
– प्रत्येकीच्या मापाचं लाइफ जॅकेट होडीत आहे का? निघण्यापूर्वी घालून, बंद लावून बघा.
– मुखवटा चेहऱ्याला बसतो का? पट्टा न लावता नाकाने श्वास आत ओढा, तो गालाला चिकटून राहिला पाहिजे. केसाची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं.

किनाऱ्यावर चालत येऊन सहल विकणाऱ्यांना पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. थोडी रक्कम देऊन उरलेली परतल्यावर. नको असेल तर ‘हापाना, असांते’ एकदाच म्हणा आणि चालत राहा. थांबून कारण सांगत बसलात की घासाघीस सुरू झालीच म्हणून समजा.

पेम्बाचा_वारा

झंझिबारला इतकं सहज बाजूला काढू नका हो. किसुमूहूनच नैरोबीमार्गे विमानाने गेलं तर रेल्वे आणि बस दोन्ही वाचतात, दोन दिवस जास्त मिळतात. झंझिबारच्या उत्तर टोकाच्या नुंगवी आणि केंद्वाला ओहोटीचा त्रास पूर्व किनाऱ्याच्या मानाने खूपच कमी, पाजे-जाम्बियानीसारखं पाणी किलोमीटरभर मागे जात नाही.

पण खर्च प्रामाणिकपणे मांडतो. भारतीय पासपोर्टला टांझानियाचा साधा व्हिसा 50 डॉलर. 1 ऑक्टोबर 2024 पासून झंझिबारने परदेशी पर्यटकांना स्थानिक विमा सक्तीचा केला आहे, तो 44 डॉलर. तुमचा भारतातला प्रवासविमा असला तरी तो चालत नाही. म्हणजे विमानाचं तिकीट धरायच्या आधीच माणशी 94 डॉलर. केनियाहून येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लशीचं मूळ पिवळं कार्ड दाखवावं लागतं, फोनमधला फोटो पुरत नाही.

पूर्व आफ्रिकेचा एकत्रित पर्यटक व्हिसा आहे ना, असं कुणी सांगेल. तो केनिया, युगांडा आणि रवांडा यांचाच, टांझानिया त्यात नाही. उलट त्या व्हिसावर असताना टांझानियाला गेलात तर तो संपतो.

रुळावरचा

@पेम्बाचा_वारा, विमानाचा मुद्दा मान्य, पण सहाव्या प्रश्नाने निकाल लागतोच. मैत्रीण स्पेशल पासवर आहे आणि परमिट प्रक्रियेत आहे. अशा वेळी देश सोडला तर परत शिरताना काय म्हणून शिरायचं हा प्रश्न उभा राहतो. ई-टीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) काढून पर्यटक म्हणून आत यावं, तर त्यावर स्वयंसेवाही करता येत नाही. संस्थेचं कागदपत्रं बघणारं माणूस लेखी ‘हो’ म्हणेपर्यंत केनियाची हद्द ओलांडू नये.

आणि धागाकर्तीने आपलं परदेशी नागरिकाचं कार्ड मूळ प्रतीसह घ्यावं. उद्यानाचं शुल्क नागरिक, रहिवासी आणि परदेशी असं वेगवेगळं असतं आणि रहिवासी दर कार्ड दाखवल्यावरच मिळतो. हॉटेलंही रहिवासी दर लावतात, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. नुसत्या स्पेशल पासवर रहिवासी दर मिळेलच असं धरून मैत्रिणीचं बजेट आखू नका.

औषधांची_पेटी

डायव्हिंगचा मुद्दा कुणी घेतला नाही आणि तोच धोक्याचा आहे. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. विमान नाही म्हणजे प्रश्न नाही, असं समजून लोक त्याच रात्री नैरोबीची गाडी पकडतात. नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. पुढे किसुमूचा रस्ता माऊ समिटकडून अडीच हजार मीटरच्या आसपास चढतो. पाण्याखाली दाबामुळे रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायचा असतो. त्याआधी हवेचा दाब कमी झाला तर बुडबुडे धरतात. वाहन विमान असो, रेल्वे असो की बस. उड्डाणापूर्वी एका डाइव्हनंतर निदान 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवसांनंतर निदान 18 तास थांबावं असा नियम आहे. तुम्ही सरळ 18 धरा. 17 ला सकाळी रेल्वे असेल तर 16 ला दुपारी बाराच्या आत पाण्याबाहेर हवं. त्यापेक्षा 14 किंवा 15 लाच उरका, म्हणजे 16 मोकळा राहील. सर्दी असेल, कान दडले असतील तर उतरूच नका, औषधाने नाक मोकळं करूनही नको. औषधाचा असर पाण्याखाली ओसरला की वर येताना कानात आणि सायनसमध्ये हवा अडकते.

मलेरिया: किसुमूत तुम्ही गोळ्या घेतच असाल, सुट्टीत खंड पाडू नका, किनाऱ्यावरही मलेरिया आहे. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा उन्हाला फार हळवी होते. डियानी विषुववृत्तापासून जेमतेम सव्वाचार अंश दक्षिणेला आहे, फेब्रुवारीत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या भाजतात, कारण पाण्यात गरम जाणवत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि खाली लेगिंग हा सगळ्यात स्वस्त उपाय. सनस्क्रीन पूर्ण अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. म्हणजे 100 मिलीची बाटली तीनदा लावली की संपली. ‘लावलं तरी भाजलं’ म्हणणाऱ्यांनी बहुधा चतुर्थांशच लावलेलं असतं. डॉक्सीची गोळी भरपूर पाण्यासोबत, जेवण झाल्यावर, आणि नंतर तासभर आडवं न होता. गोळी घेऊन वाळूवर पडून राहिलं की अन्ननलिकेत जळजळ ठरलेली.

पायात रबरी तळाचे पाण्याचे बूट हवेतच. सी अर्चिनचा काटा रुतला तर सुईने कोरत बसू नका, तो ठिसूळ असतो आणि आत तुकडे होतात. बाहेर आलेलं टोक चिमट्याने काढा, पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, व्हिनेगरच्या घड्यांनी बारीक तुकडे विरायला मदत होते. सांध्याजवळ रुतला असेल तर डॉक्टर. पाय दगडावर पडला आणि क्षणात असह्य वेदना सुरू झाल्या तर तो दगड नसून स्टोनफिश (विषारी काट्यांचा मासा) असू शकतो. तेव्हा 45 अंशांच्या आसपासच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं आणि ताबडतोब दवाखाना. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने तपासा. वेदनेत भाजलेलं कळत नाही.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. डियानी पक्कं, झंझिबार परमिट आल्यावर. जेवणाचं आणि बाकी बारीकसारीक कुणी सांगेल का? रमजान त्याच सुमारास आहे ना?

म्बाझी_माहाम्री

हो, 2027 चा रमजान 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे तुमचा सगळा मुक्काम रोज्यांतच आहे. समुद्रकाठच्या हॉटेलांत फरक पडत नाही. उकुंडा गावात आणि मोम्बासाच्या जुन्या भागात दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात. रस्त्यावर उघड खाणं-पिणं टाळा, गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पोहण्याचे कपडे वाळूपुरतेच. सूर्यास्तानंतर मात्र रस्त्याकडेच्या खाण्याची चंगळ असते.

शाकाहारी व्यक्तीने धास्ती घेऊ नये, हा किनारा केनियात त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा. ‘म्बाझी’ म्हणजे आपली तूरच, अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले. सोबत ‘माहाम्री’, वेलचीचा वास असलेले तळलेले फुगीर तुकडे. ‘माहारागवे या नाझी’ म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा. भजिया, चपाती, ‘काचुम्बारी’ (कांदा-टोमॅटोची कोशिंबीर) सगळीकडे. मागताना नुसतं ‘नॉनव्हेज नको’ म्हणू नका, ‘बिला न्यामा, बिला कुकू, बिला सामाकी’ म्हणा. ‘न्यामा’ म्हटलं की बकरी-गाय एवढंच धरतात. कोंबडी आणि मासे वेगळे सांगावे लागतात, नाहीतर पातेल्यात ते सापडतात. पिलाऊ बहुधा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो, टाळाच.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर स्वस्त पडेल, पण माकडांचा बंदोबस्त करा. डियानीत ती भरपूर, खिडकी उघडी दिसली की केळी गेलीच. काळी-पांढरी, खांद्यावर लांब केस असलेली ती कोलोबस, पानं खाऊन राहणारी, तुमच्या टेबलावर येत नाही. चोरटी ती बाकीची. रस्त्यावरून आडव्या टांगलेल्या शिड्या दिसतील, त्या कोलोबसना गाड्यांखाली न येता पलीकडे जाता यावं म्हणून.

ओले कपडे ठेवायला कॅरीबॅग घ्यायची आपली सवय इथे मोडा. प्लास्टिक पिशव्यांवर 28 ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे आणि दंड जबर. 2020 च्या जूनपासून उद्यानांत एकदा वापरायचं प्लास्टिकही चालत नाही, त्यात पाण्याच्या बाटल्या आल्या. किसितेला जाताना स्टीलची बाटली भरून घ्या. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, विकतही घेऊ नका. सामान तपासताना सापडले तर अडचण होते.

अंधार पडल्यावर वाळूवरून चालत जेवायला जाऊ नका, अंतर पाच मिनिटांचं असलं तरी. रस्त्याने टुकटुक करा. आणि 17 च्या परतीच्या गाडीसाठी 16 लाच टॅक्सीवाला ठरवा, घड्याळावर बोट ठेवून. गाडी मोम्बासाहून सकाळी 8 ला सुटते; डियानीहून साडेपाचला निघालात तर कुत्र्यांच्या रांगेसकट वेळ पुरतो.